आईबाबा म्हणतात 'तुमच्यासाठीच गेलो', आणि मला आता रांगेतून बाहेर पडायचंय. कसं सांगू?

अर्धी_नौपाडा

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचायचे. मराठी चुकली तर सांभाळून घ्या, माझी मराठी आईच्या तोंडची आहे आणि आई ठाण्यातून 2001 ला निघाली, त्यामुळे मी अजून 'अय्या' म्हणते आणि ऐरोलीच्या ऑफिसात सगळे हसतात.

तर. माझा जन्म ठाण्याचा, 1998. तीन वर्षांची असताना बाबांना एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा, मिळाला आणि आम्ही न्यू जर्सीला एडिसनला गेलो. धाकटा भाऊ तिथेच झाला, 2004 ला. म्हणजे एकाच घरात एक जन्मापासून अमेरिकन आणि एक बाबांच्या व्हिसावर लटकलेली, एच-फोर. लहानपणी हे काही कळत नव्हतं. एवढंच कळायचं की घरात सगळं 'ग्रीन कार्ड आलं की' होणार. घर घ्यायचं, ग्रीन कार्ड आलं की. कुत्रा आणायचा, ग्रीन कार्ड आलं की. भारतात निवांत जायचं, ग्रीन कार्ड आलं की. 2012 ला आजी गेली तेव्हा बाबा ठाण्याला येऊ शकले नाहीत, कारण नुकतीच नोकरी बदललेली आणि भारतात आलं की परत जायच्या आधी कॉन्सुलेटमध्ये स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, करून घ्यावं लागणार, तिथे अडकलो तर इकडे भाडं कोण भरणार. तेरावं त्यांनी लॅपटॉपवर बघितलं, मधेच आवाज जात होता.

सोळा वर्षांची झाले तेव्हा मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करायला लागल्या. एच-फोरवर मुलांना काम करता येत नाही. हे समजावून सांगायचा कंटाळा म्हणून मी सांगायचे की आमच्यात मुलींना काम करू देत नाहीत. साफ खोटं होतं, पण लोकांना ते लगेच पटायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

एकविसाव्या वर्षी मी बाबांच्या व्हिसातून बाहेर पडले, कायदाच तसा आहे, एकविशीनंतर तुम्ही 'मूल' राहत नाही. मग स्टुडंट व्हिसा, मग डिग्रीनंतरची तीन वर्षं ओपीटी, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी, त्या तीन वर्षांत तीनदा एच-वनची लॉटरी, तिन्ही वेळा नाव नाही. आणि मधे 2022 ला आईबाबांचं ग्रीन कार्ड आलं. मी तेव्हा 24. भावाला तर लागतच नव्हतं. त्या दिवशी घरी कोणी काही साजरं केलं नाही. बाबा भावाला म्हणाले, आता कुत्रा आणायचा तर आण. तो अठरा वर्षांचा, म्हणाला बाबा मी ऑगस्टमध्ये कॉलेजला चाललोय, कुत्र्याचं काय करू.

2023 पासून मी नौपाड्यात आजोबांकडे राहते. आजोबा 84, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणून चार वर्षं ऐकतेय. मला इथे खरंच बरं वाटतंय. सकाळी ट्रान्स-हार्बर पकडते, संध्याकाळी आजोबांबरोबर तलावपाळीला एक चक्कर, ते दर वेळी गडकरीसमोर थांबून कुठलं नाटक लागलंय ते मोठ्यानं वाचतात. ऑफिसातलाच एक जण आहे, कळव्याचा, दीड वर्ष झालं, आम्हाला लग्न करायचंय.

आणि इथे सगळं अडलंय. बाबांनी ग्रीन कार्ड आल्या आल्या माझ्यासाठी अर्ज टाकला, 'अविवाहित मुलगी' या प्रकारात. मी लग्न केलं की तो अर्ज आपोआप रद्द. आई म्हणते 2027 ला बाबा सिटिझन होतील तोवर थांब, दोनच तर वर्षं. आणि मी काही बोलायला गेले की ठरलेलं वाक्य: "आम्ही तिकडे कुणासाठी गेलो? तुमच्यासाठीच ना?" याच्यापुढे बोलताच येत नाही. लहानपणापासून नाही आलं.

मला त्या अर्जात राहायचंच नाहीये. हे त्यांना न दुखावता कसं सांगू? असं वाढलेलं कोणी आहे का इथे?

ट्रॅफिकग्रस्त_घोडबंदर

अमेरिकेत जाता येत नाही म्हणून रडणारे बघितले होते, जायचं नाही म्हणून रडणारी पहिलीच. रोज सकाळी मानपाड्याच्या सिग्नलला उभं राहून बघा, दोन महिन्यांत अर्ज आठवेल. लग्नाला शुभेच्छा, हॉल स्टेशनपासून लांब घेऊ नका.

रिटर्न_तिकीट

वरच्यांकडे लक्ष देऊ नकोस, ते सगळ्याच धाग्यांवर ट्रॅफिक आणतात.

मी चौदा वर्षं तिकडे होतो, आता कासारवडवलीत. वकील नाही, पण हे फॉर्म भरण्यात तारुण्य गेलंय म्हणून थोडं सांगतो, कारण मला वाटतंय तुझ्या आईच्या डोक्यात 'दोन वर्षं' हा आकडा चुकीचा बसलाय.

आत्ता तू ज्या रांगेत आहेस तिथे साधारण आठ-नऊ वर्षं लागतात. बाबा सिटिझन झाले की तू आपोआप सिटिझनच्या अविवाहित मुलांच्या रांगेत जाशील. त्यानंतर लग्न केलंस की अर्ज रद्द होत नाही हे आई बरोबर सांगतेय, पण मग तुला सिटिझनच्या विवाहित मुलांच्या रांगेत टाकतात आणि ती दहा वर्षांच्या वरची आहे. म्हणजे दोन वर्षं थांबून तुझ्या हातात काय, तर लांब रांगेतला जरा पुढचा नंबर. आणि आत्ता लग्न केलंस तर अर्ज जाईल हे खरं, पण बाबा सिटिझन झाल्यावर विवाहित मुलीसाठी नवीन अर्ज टाकू शकतातच. जातो तो फक्त जुना नंबर. हे आईला कागदावर काढून दाखव, बाबांना तर नक्की कळेल.

बाकी ही रांग मुळात एवढी का, तर नोकरीवाली ग्रीन कार्डं वर्षाला 1,40,000 आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाहीत. आइसलंड असो की भारत, सात टक्के. आपण गेलो लाखांनी. आम्ही मित्र म्हणायचो जन्म नेपाळला झाला असता तर केव्हाच सुटलो असतो. माझी मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा मी बोटं मोजली, एकविशीच्या आत होणार नव्हतं, म्हणून परत आलो. ती अजून अधूनमधून म्हणते मला विचारलं नव्हतंत. नव्हतंच विचारलं. ते 'तुमच्यासाठी' येतानाही म्हणता येतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

अर्धी_नौपाडा

काका थँक यू, हे रांगांचं मला अर्धंच माहीत होतं. आई 'दोन वर्षं' इतक्या वेळा म्हणते की मलाही दोनच वाटायला लागली होती.

अजून एक राहिलं लिहायचं. मी आत्ता आईबाबांना भेटायला पण सहज जाऊ शकत नाही. टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न असतो, तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनचा अर्ज केलाय का. हो लिहावं लागतं. मग बीकेसीत, अमेरिकन कॉन्सुलेटला, खिडकीतला माणूस विचारतो, परत येणार कशावरून. बावीस वर्षं जिथे वाढले तिथे दोन आठवडे राहून परत येईन याचा पुरावा द्या. मागच्या वर्षी रिजेक्ट झाला, तीन मिनिटांत. भाऊ मात्र ओसीआय कार्डवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) कधीही येतो, गणपतीत आला होता, मामलेदारची तिखट मिसळ खाऊन दोन दिवस झोपून होता.

कोपरखैरणेचा_पाटणकर

ताई, मी कधी पुण्याच्या पुढे गेलो नाही पण तुमची पोस्ट वाचून घरचंच वाटलं म्हणून लिहितोय.

माझे वडील पाटण तालुक्यातले, वाशी मार्केटला माथाडी, कांदा-बटाट्याला. आम्ही कोपरखैरण्यात लहानाचे मोठे झालो, एका खोलीत सात जण, त्यात गावचा कोणीतरी नोकरी शोधायला आलेला कायम. 'तुमच्यासाठी गाव सोडलं' हे वाक्य मी पण रोज ऐकलंय आणि वडिलांची पाठ बघितल्यावर त्यावर काय बोलणार. बँकेची स्लिप मी भरायची, लाईट बिलाची तक्रार मी करायची, शाळेत पालकसभेला वडील आले तरी मागे उभे राहायचे आणि बाई बोलायच्या ते मी त्यांना नंतर सांगायचो, अर्थात माझ्या सोयीनं सांगायचो. चाळीस मार्काचे साठ करायचो.

गावाला गेलो की आम्ही 'मुंबईकर', इथे आम्ही 'घाटी'. वडिलांनी गावाला दोन मजली घर बांधलंय, टाइल्स बिइल्स लावून, जत्रेला आणि मे महिन्यात मिळून वीस दिवस उघडतं. आम्ही कोणी तिथे राहणार नाही हे त्यांना माहितीय. तरी दर वर्षी रंग काढतात. मी एकदा बोललो की कशाला पैसे घालता, तर महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. तुमचा तो अर्ज मला आमच्या घरासारखा वाटतोय. तुम्हाला राहायचं नाही पण त्यांना ते असायला पाहिजे.

एक मात्र बोलतो, राग मानू नका. तुमचे आईबाबा परत यायचं ठरवलं तर येऊ शकत होते, नौपाड्यात फ्लॅट होता. आमच्या वडिलांना ते नव्हतं. म्हणून 'तुमच्यासाठी गेलो' हे दोन्हीकडे सेम वाक्य असलं तरी वजन सेम नाही.

अर्धी_नौपाडा

राग कसला, बरोबर आहे. आणि चाळीसाचे साठ वाचून हसले, कारण मी पण हे केलंय. आईबाबांना इंग्लिश छान येतं पण फोनवर त्यांचा उच्चार ऐकला की समोरचा 'काय? काय?' करायचा, मग बाबा चिडायचे. त्यामुळे दहाव्या वर्षापासून इंटरनेट कंपनीला, इन्शुरन्सला फोन मी करायचे, मीच आई आहे असं सांगून. एकदा त्या बाईनं जन्मतारीख विचारली आणि मी घाबरून माझीच सांगितली.

शाळेत माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कोरियन होती, तिच्या आईबाबांचं ड्राय क्लीनिंगचं दुकान, आणि तिला तर दुकानाच्या भाडेकराराची कागदपत्रं वाचून समजावून सांगावी लागायची, आम्ही तेव्हा सातवीत. फॉर्मवर आम्ही दोघी 'एशियन' या एकाच चौकोनात टिक करायचो. तिच्या घरी भात, आमच्या घरी भात, दोघींना रात्री मैत्रिणीकडे राहायला परवानगी नाही, एवढं सोडलं तर आमच्या घरांत काही सारखं नव्हतं. पण तिला कधी 'का नाही राहता येत' हे समजावून सांगावं लागलं नाही, तो चौकोन तेवढ्यापुरता कामाला आला.

सीवूड्सची_काकू

अगं, तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगं करते.

मी 1999 ते 2006 तिकडे होते, टेक्सासमध्ये, एच-फोरवरच. म्हणजे तुझ्या आईच्या जागी. आता एक खरं सांगते जे आम्ही बायका मुलांना कधी सांगत नाही. आम्ही फक्त तुमच्यासाठी गेलो नाही. ह्यांना जायचं होतं कारण ह्यांचे तिघे मित्र गेले होते. आणि मी तयार झाले कारण मी ठाण्यात दोन खोल्यांत सासूसासरे, दीर आणि एक लग्नाची नणंद अशा घरात होते आणि मला स्वतःचं स्वयंपाकघर पाहिजे होतं. मुलगा तेव्हा एक वर्षाचा, त्याला कुठे काय पाहिजे होतं, त्याला डायपर बदलून पाहिजे होता. 'मुलांसाठी' हे आम्ही तिकडे गेल्यावर म्हणायला लागलो, कधीपासून माहितीय? जेव्हा आवडेनासं झालं तेव्हापासून. पहिल्या थंडीत. टेक्सासमध्ये बर्फ एवढा नव्हता, पण गाडी चालवता येत नव्हती मला, दिवसभर घरात कोंडून. इथे मी शाळेत शिक्षिका होते. तिथे मी कोण, तर पासपोर्टवर चिकटवलेला एक कागद.

तुझी आई काय करायची गं ठाण्यात? एच-फोरच्या बायकांना 2015 च्या मे महिन्यापर्यंत कामच करता येत नव्हतं, त्यानंतरही ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाईल एका टप्प्यापर्यंत पुढे गेली होती त्यांनाच. म्हणजे तुझ्या आईची चौदा वर्षं गेली. मी सात वर्षांत परत आले, तरी माझी मुलं मला म्हणतात आई तू ते फार ताणतेस. मग चौदा वर्षं घालवलेली बाई, तिला तू सांगणार की तो अर्ज मला नको. तिला काय ऐकू येईल? की ती सगळी वर्षं उगाच गेली.

तर मला वाटतं तू अर्जाचं नंतर बोल. आधी तिला विचार, तुला जायचं होतं का. आणि फोनवर बाबा नसताना विचार. आम्ही नवऱ्यासमोर खरं बोलत नाही.

आणि कळव्याच्या मुलाला जेवायला आण आमच्याकडे. ओळख नाही तर काय झालं.

शिकागोचा_शेंडेफळ

मी इथे फक्त वाचतो, माझा मराठी कच्चा आहे, रविवारची मराठी शाळा चौथीत सोडला. आता वाशीला मामाकडे आलोय.

मी तुझ्या भावाच्या बाजूचा आहे. माझी ताई पण बाहेर झाली 21 ला, ती आता टोरांटोला. मला सगळं फुकट मिळाला म्हणून मी कधीच तक्रार नाही केली. काहीच. मला मेडिकलला नव्हतं जायचं, मी नाही बोललो, कारण ताईला जायचं होतं आणि तिला लोन नाही मिळाला. घरी माझ्यावर दोन मुलांची अपेक्षा. तू भावाशी बोल एकदा. त्याला पण कोणी विचारला नसेल.

रिटर्न_तिकीट

हे वरचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

जाता जाता, भाऊ आता एकविशीचा झाला असेल तर तो पण तुला स्पॉन्सर करू शकतो, त्यात लग्नाची अट नाही. पण भारतीयांसाठी भावंडांची रांग सगळ्यात लांब, तुझी मुलं कॉलेजला जातील तेव्हा नंबर लागेल. आईला फक्त 'दार बंद नाही झालं' हे ऐकायचं असेल तर हे सांगायला हरकत नाही.

अर्धी_नौपाडा

अपडेट देते, नऊ दिवसांनी.

भावाला आधी फोन केला. तो म्हणाला मी ऑलरेडी वेबसाईट वाचून बसलोय, वाढदिवस झाला त्याच आठवड्यात, फॉर्म पण डाउनलोड करून ठेवलाय, तुला सांगितलं नाही कारण तुला वाटेल मी उपकार करतोय. मग आम्ही दोघं जरा वेळ काहीच बोललो नाही.

काकू, तुमचं ऐकलं. शनिवारी बाबा ग्रोसरीला गेले ते बघून आईला फोन केला आणि विचारलं. ती आधी म्हणाली हे काय आता मधेच. मग म्हणाली, बँकेत माझं प्रमोशन आलेलं होतं, ऑफिसरचं. सोडायची नव्हती मला ती नोकरी. मला माहीतच नव्हतं! बँकेत होती एवढंच माहीत होतं. ती म्हणाली राजीनाम्याच्या दिवशी ती गोखले रोडवरून घरी चालत आली, रिक्षा केली नाही, आणि मला पाळणाघरातून घ्यायला उशीर झाला म्हणून आजी ओरडली. मग तिचा आवाज जरा बदलला आणि ती म्हणाली कुकर लावलाय, ठेवते.

दुसऱ्या दिवशी बाबांना कागद काढून दाखवला, काकांनी सांगितलेल्या रांगा, बाण बिण काढून. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, माझ्या पहिल्या कंपनीने 2006 ला फाईल सुरू केली होती. पहिल्या पायरीवर होती तेव्हा कंपनी बुडाली, 2008 ला. मग नवीन कंपनीत पहिल्यापासून, 2011. ती पहिली फाईल राहिली असती तर तू एकविशीच्या आत बसली असतीस. मी हिशोब केलाय. मला वाटतं हा हिशोब ते रोज करत असणार, कारण त्यांनी तारखा न बघता सांगितल्या. मी म्हटलं बाबा, कंपनी तुम्ही बुडवली का. ते म्हणाले नाही, पण त्याआधी एक दुसरी ऑफर होती, मी गेलो नाही कारण तुझी शाळा बदलली असती.

एवढंच बोलणं झालं. लग्नाला हो पण म्हणाले नाहीत नाही पण म्हणाले नाहीत. आई तीन दिवस फोनवर आली नाही. चौथ्या दिवशी तिचा मेसेज आला, 'कळव्याचे म्हणजे नक्की कुठले, खारेगाव का विटावा?' आणि काल आजोबांना फोन करून विचारलं की डिसेंबरात मुहूर्त कधीचे आहेत आणि ठाण्यातले हॉल कधी बुक करावे लागतात. मला अजून काही बोलली नाहीये.

एक प्रश्न आहे, रिटर्न काका तुम्हाला माहीत असेल. भावाचं ओसीआय लहानपणी काढलेलं आहे आणि पासपोर्ट गेल्याच महिन्यात नवीन झाला. डिसेंबरात आला तर जुन्या कार्डावर चालेल का?

रिटर्न_तिकीट

कार्ड विशीच्या आधी काढलेलं असेल आणि विशीनंतर पासपोर्ट नवीन झाला असेल तर एकदा कार्ड पुन्हा काढून घ्यावं लागतं. आत्ताच टाकायला सांग, शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस. फोटोचं बॅकग्राउंड आणि साइज नीट वाचून घ्यायला सांग, आमचा त्याच्यावरून दोनदा परत आला होता.

ट्रॅफिकग्रस्त_घोडबंदर

डिसेंबरात लग्न असेल तर हॉल आजच बघा, चेष्टा नाही करत. आणि खारेगाव असेल तर वऱ्हाड सकाळी आठच्या आत काढा.